फक्कीची धावपट्टी

माणूस गेलं की त्याच्यावरचा राग विझतो म्हणतात. ही बाई गेलेली नाही. चांगली धडधाकट आहे, रोज सकाळी सहाच्या आत घराबाहेर पडते आणि दिवसभर कुणाचं ना कुणाचं डोकं खाते. त्यामुळं माझा राग विझायचा प्रश्नच येत नाही.

टपरीवर साधा चहा प्यायचा तर आपण काय म्हणतो? ‘दोन चहा.’ टपरीवाला म्हणतो ‘व्हय’. संपला विषय. ही बाई म्हणायची, “दोन चहा. एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा काचेच्या ग्लासात.” आणि तिथंच उभी राहायची. टपरीवाला म्हणायचा, “व्हय.”

“काय व्हय?”

“चहा की, बाई.”

“कुठला चहा?”

मागं गिऱ्हाईक खोळंबलंय, स्टो फुरफुरतोय, आणि तो बापडा शेवटी तोंड वाकडं करून सगळं पहिल्यापासून म्हणायचा. दोन चहा, एक बिनसाखरेचा, बिनसाखरेचा काचेच्या ग्लासात. मग बाई ‘बरोबर’ म्हणायची आणि बाकावर टेकायची. रोज हे. एकदा तो म्हणाला, “बाई, दोन वर्सं झाली, एकदा तरी तुमचा चहा चुकला का?” बाई म्हणाली, “न्हाय चुकला. म्हणून तर म्हण म्हणते.” आता या बोलण्याला काय अर्थ आहे! आम्ही पोरं मागं उभी राहून हसायचो. मीच जास्त हसायचो.

ही बाई आम्हाला शिकवायला होती. सोलापुरात होटगी रस्त्याकडं एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक क्लास होता, विमानतळावर गाड्या चालवायचं, विमानं ओढायचं, सामान चढवायचं शिकवणारा. दारावर विमानाचं मोठं चित्र होतं. खऱ्या विमानाला हात लावलेलं आत एकच माणूस होतं, ती बाई. आणि तिनंही हात लावलेला नव्हताच. ती मोठ्या शहरातल्या विमानतळावर टॉवरमध्ये बसायची. विमान जमिनीला टेकलं की तिचं काम सुरू. कुठल्या रस्त्यानं चालायचं, कुठं थांबायचं, कुणाला आधी जाऊ द्यायचं, धावपट्टी कधी ओलांडायची, हे विमानांना आणि तिथल्या सगळ्या गाड्यांना रेडिओवर सांगायचं. आईला अर्धांगवायू झाला तशी नोकरी सोडून ती पूर्व भागातल्या आपल्या घरी परत आली. घरात तेलुगू, शेजारीपाजारी यंत्रमागांची खडखड, आणि मध्ये ही बाई, सुती साडीवर केशरी चमकतं जाकीट आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.

लोकांना वाटतं विमानाला धोका आकाशात. बाई म्हणायची, “आकाश लई मोठं हाय रे. तितं धडकायचं म्हटलं तरी सापडत न्हाय कुणी. जमीन एवढीशी. मरायचं ते हितंच.”

तिच्या मनगटावरचं घड्याळ साडेपाच तास मागं असायचं. बंद नाही, मागं. जगातली सगळी विमानं एकाच घड्याळावर चालतात आणि ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं आहे, म्हणून. बरोबर आहे, पण बाई, तुम्ही आता कन्ना चौकात भाजी घेताय ना? भाजीवालीनं ‘किती वाजले’ विचारलं की ही घड्याळ बघून मनात बेरीज करायची आणि मग सांगायची. रस्त्यात नट, बोल्ट, खिळा, बाटलीचं बूच दिसलं की वाकून उचलायची. धावपट्टीवर असला एक बोल्ट विमानाच्या इंजिनात गेला तर काय होतं हे ती रिक्षावाल्यांना थांबवून सांगायची. रिक्षावाले मान हलवायचे. मान हलवली की बाई पेटलीच म्हणून समजा.

“मान हलवू नको! मान रेडिओवर दिसती का? कळलं म्हणू नको. काय कळलं ते म्हण.”

आणि फारच भडकली की तेलुगूत शिरायची. “मळ्ळी चेप्पु!” म्हणजे पुन्हा सांग. आमच्या तुकडीतल्या प्रत्येकाला तेलुगूचे हे दोन शब्द आले. तिसरा आला नाही.

क्लासच्या मागं एक उजाड मैदान होतं. बाईनं त्यावर कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी पांढरी फक्की मारून अख्खा विमानतळ काढला होता. मधोमध लांबलचक धावपट्टी, तिला येऊन मिळणारे विमानांचे रस्ते, आणि प्रत्येक रस्त्यावर धावपट्टीच्या अलीकडं थांबायची रेष. ती रेष मात्र पिवळी. वाऱ्यानं फक्की उडाली की बाई पुन्हा मारायची. मारताना कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या रेषांवरून आम्ही चालायचं. वीस-बावीस वर्षांची धटिंगण पोरं हात पसरून, विमानं होऊन, एप्रिलच्या उन्हात. बाई पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर छत्री धरून बसायची, तो टॉवर. प्रत्येकाच्या हातात एकेक छोटा रेडिओ. आमची नावं तिनं पहिल्याच दिवशी काढून टाकली आणि गावावरून हाका मारायला लागली. विमानाला जसं हाकेचं नाव असतं तसं. केमचा एक होता, तो ‘केम’. मी मैंदर्गीचा, म्हणून ‘मैंदर्गी’.

“मैंदर्गी, डावीकडच्या रस्त्यानं या, पिवळ्या रेषेच्या अलीकडं थांबा.”

रेडिओवर ती अहो-जाहो करायची, जिन्यावरून खाली उतरली की अरे-तुरे.

यावर मी काय म्हणायचं? “मैंदर्गी, डावीकडच्या रस्त्यानं येतो, पिवळ्या रेषेच्या अलीकडं थांबतो.” आपलं नाव आणि तिचं सगळं बोलणं, जसंच्या तसं. म्हणजे तिला कळतं की ऐकलं कुणी आणि ऐकलं काय. चूक ऐकलं असेल तर ती तिथल्या तिथं टोकणार. एवढंच होतं सगळं. शाळेतलं पोर करील असलं काम. आणि ते मला जमायचं नाही.

का जमायचं नाही, ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. आमच्या घरी वडलांशी कन्नडात बोलायचं, गावात मराठीत, क्लासात इंग्रजी फोडायचं. घरात ‘हौद्री’, गावात ‘व्हय जी’, क्लासात ‘येस मॅडम’. तिन्हीकडं खाली मान घालून एक शब्द, झालं. मोठ्या माणसाचं बोलणं त्याच्याच तोंडावर परत म्हणणं याला आमच्याकडं वेडावणं म्हणतात. बाईंनी घरी सराव करा म्हणून सांगितलं, मी केला. वडील म्हणाले, “गिरणीवरनं डबा आण, येताना पानं आण, चुना आणू नको.” मी ताठ उभा राहून म्हणालो, “गिरणीवरनं डबा आणतो, येताना पानं आणतो, चुना आणत न्हाय.” सणकन कानाखाली बसली. “वेडावतोस व्हय रं मला?” आई स्वैपाकघरातून म्हणाली, “सोलापूरला धाडलं तेच चुकलं.” दुसऱ्या दिवशी बाईला सांगितलं तर तिला हसू नाही की कीव नाही. म्हणाली, “मग? चुना आणलास का?” मी म्हणालो, नाही. “मग बरोबर हाय की.”

असल्या माणसाशी काय बोलायचं?

परीक्षेच्या दिवशी मोठ्या शहरातल्या विमानतळावर काम करणाऱ्या एका कंपनीचा साहेब आला होता. त्याला आमच्यातली आठ पोरं लागलीच हवी होती. अट एकच, बाईची सही. बाईचं नाव त्या धंद्यात माहीत होतं. माझ्या बाबतीत सगळं ठरल्यातच जमा होतं. ट्रॅक्टर मी लहानपणापासून चालवलेला, गाडी मागं घ्यायची तर माझ्यासारखी कुणी घेत नव्हतं. मैंदर्गीत माझ्या दोस्तांनी निकालाच्या आधीच स्टँडसमोर फ्लेक्स लावला होता. ‘विमानतळावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, खाली अकरा जणांचे फोटो, आणि मी गॉगल घातलेला. क्लासच्या फीसाठी धरलेलं हॉटेलातलं काम मी सोडून दिलं होतं. वडील पानाच्या दुकानात उभे राहून लोकांना सांगत होते.

साहेब लिंबाखाली खुर्चीवर बसला. बाई जिन्यावर चढली. “मैंदर्गी, डावीकडच्या रस्त्यानं या, पिवळ्या रेषेच्या अलीकडं थांबा, केमला जाऊ द्या, मग धावपट्टी ओलांडा.”

साहेब बघत होता. एवढा मोठा माणूस बघतोय, समोर बाई, आणि माझ्या तोंडातून गेलं, “येस मॅडम.”

केलं मात्र मी सगळं बरोबर. डावीकडून आलो. रेषेच्या अलीकडं थांबलो, बोटभरही पुढं नाही. केम धावपट्टीवरून पळत गेला, मग ओलांडली. साहेबानं मान डोलावली. आणि बाईनं मला नापास केलं.

मी तिच्या मागं मागं धावलो. “मॅडम, पाय तरी चुकला का माझा? तुम्ही वरनं बघितलं की!”

“बघितलं. ऊन होतं म्हणून बघितलं. धुकं असतं तर?”

“पण न्हाय ना धुकं!”

“सहा महिन्यांनी ये. परत परीक्षा घेते.”

सहा महिन्यांनी! तिथं फ्लेक्स लागलाय, वडील पानाच्या दुकानात उभे आहेत, आणि ही म्हणते सहा महिन्यांनी. मी रडलो. खरंच रडलो, मैदानावर, पोरांच्या देखत. बाईनं बाजूची फक्कीची पिशवी उचलली आणि पुसलेली रेष नीट करायला निघून गेली.

क्लासचा मालक होता, त्याला सगळे सर म्हणायचे. शिकवलं त्यानं कधी काही नव्हतं. त्याला आठ पोरं पाठवायची होती आणि बाईनं पाचच पास केली होती. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं, पंखा माझ्याकडं वळवला आणि म्हणाला, “तुझं अक्षर चांगलं हाय म्हणतात.” मग त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. आम्हा सर्व विद्यार्थ्यांची तक्रार. बाई मुलांना भर उन्हात पळवतात. बाई शिवीगाळ करतात. बाईंचं घड्याळ साडेपाच तास चुकीचं असतं, यावरून त्यांच्या मनाची स्थिती लक्षात यावी. इथपर्यंत ठीक, म्हणजे ठीक नाही, पण ठीक. शेवटचं वाक्य असं होतं की नोकरीत असताना बाईंच्या चुकीमुळे दोन विमानं धडकता धडकता वाचली आणि म्हणून त्यांना घरी बसवलं, असं आम्हाला खात्रीलायक समजतं.

हे खोटं होतं. मला माहीत होतं, मालकाला माहीत होतं. तिच्या आईला मी खाटेवर बघितलेलं होतं, तिच्या तोंडात बाई पेज भरवत होती. आणि गंमत सांगू? मालक एकेक वाक्य बोलायचा आणि मी लिहायच्या आधी ते मोठ्यानं परत म्हणायचो, कुठं चुकायला नको म्हणून. बाई वर्षभर जे शिकवत होती ते त्या केबिनमध्ये मला पहिल्यांदा जमलं. आठवलं की अजून अंगाची आग होते.

बाकीच्या पोरांनी वडापाव खाता खाता सह्या केल्या. कुणी वाचलं नाही. माझ्या सर्टिफिकेटवर बाईच्या नावापुढं मालकानं स्वतः सही मारली, माझ्यासमोर, आणि वर फुंकर घातली. बाईला त्या आठवड्यात काढलं. ती किल्ली द्यायला आली तेव्हा मी जिन्यात होतो. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “बाजूला हो.” मी झालो.

त्यानंतर मी मोठ्या शहरातल्या त्या विमानतळावर सव्वा वर्ष ट्रॅक्टर चालवला. विमान ओढायचा ट्रॅक्टर, बुटका आणि दांडगा, त्याच्यात बसलं की राजा झाल्यासारखं वाटायचं. गावाकडं फोटो पाठवले. तिथं कामाची घाई म्हणजे काय सांगू! विमान एक उतरतंय, एक उडतंय, मध्ये श्वास घ्यायला फट नाही. टॉवरमधला माणूस भरभर सांगतो आणि जुने ड्रायव्हर म्हणतात, “ओके सर.” सगळं परत म्हणत बसलं तर हसतात, ‘पोपट आला’ म्हणतात. नियम पुस्तकात होता आणि पुस्तक कपाटात. मला तर बरंच झालं. ‘ओके सर’ म्हणजे आमचं ‘व्हय जी’च की. जन्मल्यापासून येतंय.

एका दुपारी रिकामा ट्रॅक्टर घेऊन मला धावपट्टीच्या पलीकडं जायचं होतं. पिवळ्या रेषेशी उभा राहिलो. खऱ्या धावपट्टीलाही तशीच रेष असते. टॉवर भरभर बोलला आणि माझ्या कानात पडलं ते एवढंच, निळ्या शेपटीचं विमान गेलं की ओलांड. मी म्हणालो, “ओके सर.” समोरून निळ्या शेपटीचं विमान घरंगळत निघालंच होतं. ते गेलं, मी ट्रॅक्टर सोडला.

टॉवरला ते विमान म्हणायचंच नव्हतं. त्याच कंपनीचं दुसरं, तसल्याच निळ्या शेपटीचं, मागून उतरायला येत होतं. त्याच्याबद्दल तो बोलत होता. मी जर ऐकलं तेवढं परत म्हणालो असतो, ‘निळ्या शेपटीचं विमान गेलं की ओलांडतो’, तर तो ओरडला असता, समोरचं नाही, मागचं उतरेल ते! दोन सेकंदांचं काम होतं. रेष ओलांडून पुढची चाकं धावपट्टीवर गेली आणि रेडिओवर कुणीतरी किंचाळलं. मी ब्रेक दाबला, डावीकडं बघितलं. विमान इतकं खाली होतं की चाकं दिसली, चाकांवरची धूळ दिसली. मग त्यानं नाक वर केलं आणि माझ्या डोक्यावरून गेलं. ट्रॅक्टर हादरला. त्या विमानात दीड-दोनशे माणसं होती, त्यातल्या कुणाला बहुतेक कळलंही नसेल. कुणीतरी पोराला म्हणालं असेल, बघ, परत वर चाललो.

माझ्या पँटीचं काय झालं होतं ते मी सांगत नाही.

पुढं काय व्हावं? कंपनीच्या साहेबानं मला पाणी दिलं. टॉवरनंही माझ्याकडून परत म्हणून घेतलं नव्हतं, म्हणजे त्याचंही थोडं चुकलं होतं, त्यामुळं ओरडायची कुणाची तयारी नव्हती. एक कागद भरला. ‘काही झालं नाही’ असं सगळे मला म्हणाले. पाठीवर थाप मारून म्हणाले. काही झालं नाही! मला त्या माणसांचा इतका संताप आला की कुणाची तरी गचांडी धरावी वाटली. आणि धरणार कुणाची? त्या नोकरीत मला आणून ठेवणारा कागद माझ्याच अक्षरातला होता.

आठवडाभर प्रत्येक रेषेशी मी दोन-दोनदा ब्रेक दाबायचो. रजा टाकली आणि सोलापूरला आलो, थेट पूर्व भागात.

बाई ओट्यावर बसून ताक घुसळत होती. मधल्या काळात आमच्या सोलापूरच्या विमानतळावर रोजची विमानं सुरू झाली होती. धावपट्टीजवळ गाड्या नेणाऱ्या ड्रायव्हरांना शिकवायला माणूस पाहिजे म्हणून बाईनं अर्ज केला होता. तिथून निरोप आला की तुमच्याच विद्यार्थ्यांची लेखी तक्रार आहे, तिचं काय ते ठरल्याशिवाय घेता येत नाही. क्लासच्या मालकानं तो कागद तिथपर्यंत पोचवला होता. बाईला कुणी कागद दाखवला नव्हता. नुसतं सांगितलं होतं की विमानं धडकता धडकता वाचली असं त्यात लिहिलंय. बत्तीस वर्षं टॉवरमध्ये काढलेल्या बाईला हे परक्या माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं.

मी माझ्या ट्रॅक्टरचं सगळं सांगितलं. तिनं रवी थांबवली नाही. मग म्हणाली, “त्या कागदावर तुझी पण सही हाय म्हणे.”

“हाय.”

“न वाचता केली असशील. पोरं करतात तसं. व्हय ना?”

बघा. स्वतःहून दार उघडून दिलं होतं तिनं. एक ‘व्हय’ म्हटलं असतं की मी मोकळा. तिनं ताक दिलं असतं, मी पिऊन निघालो असतो, नोकरी राहिली असती. तोंडात आलाही होता तो शब्द.

मी म्हणालो, “मॅडम, सही न वाचता केली न्हाय. तो कागद मीच लिहिला. मालकानं सांगितला, मी माझ्या हातानं लिहिला. शेवटचं वाक्य खोटं हाय हे म्हाईत असून लिहिलं. माझ्या सर्टिफिकेटवर तुमची सही खोटी हाय, ते पण म्हाईत होतं.”

रवी थांबली. आतून तिच्या आईनं तेलुगूत काहीतरी विचारलं. बाईनं रवी काढून ताटलीत ठेवली.

“मळ्ळी चेप्पु,” बाई म्हणाली. हळू आवाजात. तसं ती कधी बोलली नव्हती.

मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

“हे लिहून दे,” ती म्हणाली. “तितं विमानतळावर. सगळं. सर्टिफिकेटचं पण.”

“सर्टिफिकेटचं कशाला? तक्रार खोटी हाय एवढं लिहितो की. तुमचं काम होतंय.”

“तक्रार का खोटी लिहिलीस, असं विचारतील. मग काय सांगशील?”

“माझी नोकरी जाईल, मॅडम.”

“ते तू ठरव,” म्हणाली आणि ताक घेऊन आत गेली. मला दिलंही नाही.

चार दिवस मी मैंदर्गीत पडून होतो. वडलांना काही सांगितलं नाही. सांगणार काय? मनात बाईला एवढ्या शिव्या दिल्या की मोजदाद नाही. पण डोळा लागला की चाकांवरची धूळ दिसायची. पाचव्या दिवशी मी लिहिलं. तेच अक्षर.

विमानतळाच्या ऑफिसात बाई माझ्यासोबत आली. तिथला अधिकारी मवाळ माणूस होता. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले, चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं आणि मग बाईला म्हणाला, “मॅडम, तुमच्यावरचा ठपका यानं पुसला गेला, त्यात वाद नाही. पण हे मी दाखल करून घेतलं तर याच्या विमानतळाला कळवावं लागेल. पोराची नोकरी जाईल हो. वयानं लहान आहे. तुम्ही म्हणत असाल तर सर्टिफिकेटचं पान बाजूला ठेवू. तुमचं काम तरीही होईल.”

मी बाईकडं बघितलं. मला वाटलं, आता. आता ही एकदा तरी माणसासारखं बोलेल. मी आलो होतो ना? आपल्या पायांनी आलो होतो ना? कुणी ओढून आणलं नव्हतं मला.

“जाईल की,” बाई म्हणाली.

एवढंच. अधिकाऱ्यानं शिक्का मारला.

बाहेर होटगी रस्त्यावर मी तिला जे बोललो ते आयुष्यात कुणाला बोललो नव्हतो. ट्रक थांबून बघत होते. तुम्हाला माणूस नको, तुम्हाला रेषा पाहिजेत, असं म्हणालो. तुम्हाला पोटचं पोर असतं तर त्यालाही असंच बुडवलं असतं, असं म्हणालो. ते म्हणायला नको होतं. बाईनं सगळं ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही, ‘मान हलवू नको’ म्हणाली नाही. माझं झाल्यावर तिनं विचारलं, “त्या विमानात किती होते म्हणालास?”

मी रिक्षा केली आणि निघून आलो.

दोन आठवड्यांत माझा विमानतळावर गाडी चालवायचा परवाना गेला, नोकरी गेली. वडील तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि पानाच्या दुकानात जायचे बंद झाले. त्या क्लासच्या मालकानं दुसऱ्या नावानं दुसऱ्या चौकात क्लास काढला, त्याचं काहीएक वाकडं झालं नाही. यावर पण माझा राग आहे, पण तो साधा राग आहे, कुणालाही येईल. मी आता सोलापुरात पाण्याचा टँकर चालवतो. बाई विमानतळावर शिकवते. आता मैदान नाही, खरी धावपट्टी.

परवा केमचा भेटला. तो अजून तिथंच आहे, माझ्या जुन्या कंपनीत. म्हणाला, तुझ्या ट्रॅक्टरवर करकंबची एक पोरगी आली आहे, बाईनं पास करून पाठवलेली. टॉवर बोलला की सगळं पहिल्यापासून परत म्हणते. ड्रायव्हर हसतात, पोपट म्हणतात, तर उलट त्यांनाच दटावते. गेल्या महिन्यात तिनं एक वाक्य परत म्हटलं आणि टॉवर ओरडला, नाही नाही, थांब. ती रेषेच्या अलीकडंच उभी होती. विमान तिच्या समोरून उतरून गेलं.

“काही झालं न्हाय,” केम म्हणाला.

मी टँकरचा व्हॉल्व्ह उघडला आणि त्याला म्हणालो, बाजूला हो, पाणी उडेल.